फावल्या वेळात : नंदीचे मोडके शिंग आणि दोन वड्यांची माती



पोळा महिन्यावर आला की या सदराकडे बैलांविषयीची पत्रे येऊ लागतात. कोणाला झुलीचा नमुना हवा असतो, तर कोणाला शिंगांच्या रंगाविषयी विचारायचे असते. यंदा वर्धा जिल्ह्यातील एका भगिनीने मात्र वेगळीच अडचण लिहून कळवली आहे. त्यांच्या घरी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे. त्यांच्या सासऱ्यांनी तो स्वतःच्या हाताने कोरला होता. आधी त्यांच्या यजमानांनी लहानपणी तो ओढला, आता सहा वर्षांचा मुलगा ओढतो. सासरे गेल्या माघात वारले. आणि परवा माळ्यावरून काढताना नंदी हातातून निसटला. उजवे शिंग मुळापासून मोडले, एका कानाचा टवका उडाला. मोडलेला तुकडा केरात गेला, तो सापडलाच नाही. सुतार म्हणाला, “वैनी, यात काही राम नाही, बाजारातून नवा आणा.” पण मुलगा ऐकायला तयार नाही. त्याला आबाजींचाच नंदी हवा आहे. “काही उपाय असेल तर पोळ्याच्या आत कळवा,” असे त्या भगिनी लिहितात.

आमच्या देशावरच्या आणि कोकणातल्या वाचकांसाठी दोन शब्द सांगते. श्रावणी अमावास्येला मोठ्या बैलांचा पोळा होतो. विदर्भात दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा भरतो. लहान मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत पोळ्याच्या जागी आणतात, घरोघर फिरवतात आणि खाऊ-पैसे मिळवतात. त्या दिवशी ज्याच्या नंदीला एकच शिंग असेल, त्या मुलाचे काय होत असेल, ते आईलाच कळते.

ताई, तुमचा नंदी दोन शिंगांनी उभा राहील. त्यासाठी सुताराची गरज नाही. मात्र जे सांगते ते घाई न करता वाचा. या कामात हात बिघडवून घेणे सोपे असते, आणि ते शिंगापेक्षा महाग पडते.

ही माती म्हणजे काय

हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात दोन वड्यांची माती मिळते. नळाची गळती बुजवायला आणतात ते एम-सील आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याच जातीची, पण हस्तकलेसाठी केलेली माती ‘शिल्पकार’ या नावाने मिळते. पुष्कळ जणींनी तिचे वेल माठांवर पाहिले असतील. या सगळ्यांना मिळून इपॉक्सी माती म्हणतात.

नावात माती असली तरी ती शेतातली माती नव्हे. एका वडीत इपॉक्सी नावाची राळ असते, दुसरीत तिला घट्ट करणारे द्रव्य. दोन्हींत शंखजिऱ्यासारखी बारीक पूड मिसळून त्यांना कणकेसारखे केलेले असते. वड्या वेगळ्या असतात तोवर मऊ राहतात. एकत्र मळल्या की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत दगड होतो. भट्टी लागत नाही, उन्हात वाळवावे लागत नाही. कुंभाराची माती पाणी उडून गेल्यामुळे वाळते, म्हणून ती आक्रसते आणि तडकते. ही माती वाळत नाही, ती जमते. म्हणून जेवढी लावावी तेवढीच राहते. मोडक्या वस्तूच्या दुरुस्तीला ती सोयीची पडते ती यामुळेच.

या राळेचे एक पेटंट स्वित्झर्लंडच्या पियेर कास्तां या रसायनतज्ज्ञाने १९३८ साली घेतले. तो दातांच्या कवळ्यांसाठी चांगला पदार्थ शोधत होता. कवळीसाठी निघालेली वस्तू आज नंदीच्या शिंगाला उपयोगी पडते आहे.

दुकानात कोणती मागावी? नळदुरुस्तीची माती लवकर जमते, काही प्रकार तर पाच-दहा मिनिटांतच. ती गळतीला ठीक, पण आकार द्यायला वेळ उरत नाही. शिंगासाठी हस्तकलेचीच घ्यावी. ती तासभर तरी हाताशी मऊ राहते. पाकीट विकत घेताना वरून दाबून पाहावे. वडी दगडासारखी लागली तर जुना माल समजावा आणि परत करावा. लहान पाकीट घ्यावे. दोन शिंगे आणि चार कान होतील एवढी माती त्यात असते.

आधी नंदीची तयारी

यंदाच्या पावसात लाकूड ओल धरून असेल. नंदी आठ दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. चुलीजवळ ठेवू नका, लाकूड तडकेल.

दरवर्षी त्याला तेल-रंग लावलेला असणार. रंगाच्या किंवा तेलाच्या थरावर लावलेली माती त्या थराला धरते, लाकडाला नाही. पहिल्या धक्क्याला थरासकट निघून येते. म्हणून मोडलेल्या जागेभोवती बोटभर रुंद पट्ट्यातला रंग काढून लाकूड उघडे करायचे. नंदी जुना आहे, आणि जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. तेव्हा रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. जागा ओल्या फडक्याने भिजवा, काचकागद पाण्यात बुडवून घासा, निघालेला गाळ फडक्यानेच टिपा आणि ते फडके कागदात गुंडाळून फेकून द्या. मुलाला त्या वेळी जवळ बसवू नका. मग जागा पुसून पुन्हा पूर्ण कोरडी होऊ द्या. एक-दोन दिवस लागले तरी चालतील.

उघड्या लाकडावर चाकूच्या टोकाने आडव्या-उभ्या खाचा पाडा. आपण भिंतीला गिलावा करण्याआधी टोचे मारतो, तसेच. गुळगुळीत जागेवर ही माती टिकत नाही, खडबडीत जागेत तिची मुळे रुजतात.

शिंगाचा कणा

नुसत्या मातीचे शिंग उभे केले तर पोळ्याच्या पहिल्याच गर्दीत मोडेल. आत तार हवी. सायकलच्या चाकाची जुनी तार उत्तम. गिरमिटाने शिंगाच्या जागी तारेच्या जाडीचे, साधारण एक इंच खोल छिद्र पाडा. ते शिंग ज्या दिशेने वाढते त्याच तिरकस दिशेने जाऊ द्या.

आता दोन्ही शिंगे जुळावीत कशी? त्यासाठी सोपी युक्ती आहे. पातळ कागद साबूत डाव्या शिंगामागे धरा आणि पेन्सिलीने त्याची कड काढा. कागद उलटा करून उजेडात धरा. दिसते ते उजवे शिंग. तार त्या आकृतीच्या मधून जाईल अशी वाकवा. टोकाला अर्धा बोट कमी ठेवा, म्हणजे पुढे मातीचे गोल टोक येईल आणि तारेचे अणकुचीदार टोक मुलाला लागणार नाही.

तार छिद्रात बसवायलाही हीच माती वापरायची. हरभऱ्याएवढी मळलेली माती छिद्रात ढकला, तारेचा खालचा भाग काचकागदाने खरवडून आत रोवा आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी तार हलवून पाहा. हलली नाही तरच पुढे जा.

मळणे

मला सर्वांत जास्त पत्रे येतात ती “माती जमलीच नाही, चिकटच राहिली” या तक्रारीची. त्याचे कारण जवळजवळ नेहमी मळण्यात असते.

पाकिटावर जे प्रमाण दिले असेल तेच घ्यावे. बहुतेक मातींचे प्रमाण दोन्ही वड्या सारख्या असे असते. डोळ्यांच्या अंदाजाने न घेता दोन्हींच्या सारख्या जाडीच्या वळ्या करा, शेजारी ठेवा आणि सारख्या लांबीच्या कापा. घट्ट करणारे द्रव्य थोडे जास्त घातले तर लवकर जमेल, असा समज चुकीचा आहे. जास्तीचे द्रव्य तसेच मोकळे राहते आणि काम कायमचे कच्चे होते.

एक वडी कापलेला चाकू पुसल्याशिवाय दुसऱ्या वडीला लावू नका. बोटांचेही तेच. उरलेल्या वडीला दुसरीचा कण लागला की तेथे खडा धरतो, आणि पुढच्या कामात तो खडा नेमका नाजूक जागी येतो.

मग पुरणपोळीची कणीक मळतो तशी माती मळा. दाबा, दुमडा, ओढा, पुन्हा दाबा. चार-पाच मिनिटे तरी मळलेच पाहिजे. दोन वड्यांचे रंग वेगळे असतात. गोळा मधोमध तोडून पाहा. आत एकही रेघ दिसत नसेल, सगळा एकच रंग झाला असेल, तरच मळणे पुरे झाले. माझ्या पहिल्या कामात एक रेघ राहिली होती. बाकीचा वेल दगड झाला आणि मधले एक पान महिनाभर बोटाला चिकटत राहिले. शेवटी कोरून काढावे लागले.

एका वेळी लिंबाएवढ्या गोळ्यापेक्षा जास्त मळू नये. जमताना ही माती स्वतःच ऊब धरते. मोठा गोळा असला तर ती ऊब आतच कोंडते आणि जमणे आणखी वेगाने होते. बाहेरची हवा तापलेली असेल तर विचारूच नका. एका वैशाखात मी भर दुपारी सगळे पाकीट एकदम मळले. शेजारीण आली, दोन गोष्टी झाल्या, चहा झाला. परत येऊन पाहते तो गोळ्यात नख शिरेना. ते पाकीट वाया गेले. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे. थंडीत उलट होते, माती आखडते आणि सावकाश जमते. तेव्हा वड्या कोमट पाण्याच्या तांब्यावर, पिशवीसकट, दोन मिनिटे ठेवून मऊ कराव्यात.

शिंग आणि कान

पहिला थर पातळ द्या. मातीची चपटी पट्टी करून तारेभोवती गुंडाळा आणि बोटांनी दाबत तारेवर घट्ट बसवा. आत हवा राहिली तर पोकळी राहते. बुंध्याशी माती लाकडावर पसरवून खाचांत दाबून भरा. या थराने शिंग निम्म्या जाडीचे झाले की थांबा आणि ते जमू द्या. सगळी जाडी एकदम दिली तर ओली माती वजनाने खाली उतरते, शिंग लोंबते.

दुसऱ्या दिवशी वर काचकागद फिरवा, धूळ पुसा आणि दुसरा थर चढवा. या थराला आकार द्यायचा. बुंध्याशी जाड, टोकाशी निमुळते. नंदीला समोरून पाहा, मागून पाहा, डोक्यावरून पाहा. कागदाची आकृती जवळ धरून ताडून पाहा. डाव्या शिंगावर आबाजींनी पटाशीच्या कडा ठेवल्या असतील, वळे कोरले असतील, तर इकडेही चाकूच्या पाठीने तसेच वळे उमटवा. विकतच्या नंदीसारखे गुळगुळीत करू नका, ते परके दिसेल.

कानासाठी दोन टाचण्यांची डोकी तोडून त्या लाकडात अर्ध्या रोवा. बाहेर राहिलेल्या अर्ध्या भागावर पिंपळाच्या पानासारखा मातीचा कान बसवा. कड पातळ ठेवू नका. पातळ कड दिसायला चांगली, पण तीच आधी तुटते.

माती बोटाला चिकटू लागली तर पाण्याचे बोट फिरवावे, तेही नुसते ओले. पाणी फक्त वरचा भाग गुळगुळीत करण्यासाठी असते. माती जेथे लाकडाला किंवा आधीच्या थराला चिकटायची, तेथे पाणी गेले तर पकड जाते. तेलाचे बोट तर मुळीच लावू नये. माती सुटी होते, आणि पुढे रंगही धरत नाही.

हत्यारे विकत आणायची गरज नाही. काडेपेटीची काडी, विणायची सुई, तुटलेल्या कंगव्याचा तुकडा, रिकाम्या रिफिलचे नळकांडे, गाडग्याची खापरी, एवढ्यात सर्व होते. कंगव्याने केस उमटतात, नळकांड्याने डोळे. मात्र जे एकदा या कामाला आले ते स्वयंपाकघरात परत न्यायचे नाही. वेलाच्या बारीक दोऱ्या पाडायला मी एकदा शेवेचा सोऱ्या वापरला होता. दोऱ्या सुरेख पडल्या, पण तो सोऱ्या त्या दिवसापासून खोपटात आहे. सासूबाईंनी त्या दिवाळीला काय ऐकवले, ते इथे लिहीत नाही.

मळायला खाली प्लास्टिकची पिशवी पसरावी. हिला पॉलिथिन धरत नाही, जमल्यावर काम सुटून येते. मेणालाही ही माती धरत नाही. लाकूड, भाजलेली माती, दगड, काच आणि खरवडलेले लोखंड यांना मात्र घट्ट धरते.

हातांचे काय

आता मुख्य गोष्ट. हा परिच्छेद वाचला नाही तर बाकीचे वाचू नये, असेच मी म्हणेन.

माझी धाकटी जाऊ. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला, माझ्या माठांवरचे वेलही तीच काढून देई. एका वर्षी बचत गटाच्या प्रदर्शनासाठी तिने दोन महिन्यांत तीसेक माठ केले. सगळे उघड्या हातांनी. हात धुवायचे ते मिळेल त्या थिनरने. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. तिला वाटले गवताची असेल, आम्ही दुर्लक्ष केले. मग पुरळ आले, फोड आले, एके दिवशी डोळ्यांच्या पापण्या सुजल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारपूस केली आणि सांगितले की ही या मातीची ॲलर्जी आहे. एकदा अंगात बसली की ती आयुष्यभर जात नाही. पुढच्या वेळी कणभर माती लागली तरी पुरळ उठणार. तसेच झाले. त्या हातांनी तिला गायीची धार काढायची असते, भाकरी थापायची असते. ते महिने आमच्या घराला जड गेले.

ओली माती कातडीला लागली की दर वेळी त्रास होतोच असे नाही. कोणाला कधीच होत नाही, कोणाला दहाव्या वेळी होतो. कोणाला होणार ते आधी सांगता येत नाही. म्हणून पुढचे नियम सर्वांसाठी आहेत.

हातमोजे घालावेत. औषधाच्या दुकानात नायट्राइलचे पातळ मोजे मिळतात, ते सर्वांत चांगले. ते नसतील तर हातांना स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. मोजे फाटले की लगेच बदलावेत. मोज्याच्या बोटांनी कपाळ, डोळे, पदर यांना स्पर्श करू नये.

माती हाताला लागलीच तर आधी कोरड्या फडक्याने पुसावी, मग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावी. थिनर, रॉकेल, स्पिरिट हातावर घेऊ नये. त्यांनी हात स्वच्छ दिसतो, पण कातडीवरचे स्निग्ध आवरण निघून जाते आणि राळ आत शिरायला मोकळी होते. जावेचे तेच झाले.

काम खिडकीशी किंवा ओसरीवर करावे, काम करताना खाऊ-पिऊ नये. खाज किंवा पुरळ दिसले तर काम थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मुलांना ओल्या मातीला हात लावू देऊ नये. त्यांच्यासाठी शाडूची माती आहे. ही माती मऊ आणि रंगीत दिसते म्हणून मुले मागतात, तेव्हा नाही म्हणावे.

घासणे आणि रंगवणे

शेवटचा थर दिल्यावर चोवीस तास हात लावू नये. पावसाळी हवेत दोन दिवस द्यावेत. नख रुतत नाही आणि टिचकी मारली की टणक आवाज येतो, तेव्हा ती जमली समजावी. दमट हवेत जमलेल्या मातीवर कधी कधी तेलकट पापुद्रा येतो. तो साबणाच्या पाण्याने धुवून टाकावा, नाहीतर रंग सोलून निघतो.

घासायचे तेही पाण्यातच. काचकागद ओला करून घासला की धूळ उडत नाही. कच्च्या मातीची धूळ तर नाकात जाऊच देऊ नये. आधी जाड, मग बारीक कागद घ्यावा. लाकूड आणि माती जेथे जुळतात ती कड बोटाला लागेनाशी झाली की पुरे.

रंग ॲक्रिलिक लावा किंवा ऑइलपेंट. ही माती दोन्ही धरते. रंग लावणे नुसत्या शोभेसाठी नाही. उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्यावर खडूसारखी पूड धरते. रंगाने ती झाकली जाते. खेळणे आहे, म्हणून नव्या डब्यातला रंग घ्या. २०१७ च्या नोव्हेंबरपासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे असा नियम लागू आहे. कोठीत पडलेला जुना डबा खेळण्याला वापरू नका.

कोठे वापरू नये

एकदा ही माती साधली की घरातील प्रत्येक फुटक्या वस्तूकडे हात जातो. माझाही जाई. म्हणून स्पष्ट सांगते.

स्वयंपाकाची भांडी, ताटे, पिण्याच्या पाण्याचा माठ आतून, दुधाची किटली यांना ती लावू नये. पाकिटावर तशी परवानगी छापली असेल तरच अपवाद. माठावर वेल काढायचा तर शोभेच्या माठावर काढावा. पिण्याच्या माठाला बाहेरून लावली तरी तेथली भोके बुजतात आणि पाणी गार होत नाही. चुलीजवळची वस्तू, तवा, कढईची मूठ यांवरही नको. उष्णतेने ती मऊ पडते आणि ऐन वेळी मूठ हातात येते. गॅसची नळी, शेगडी, कुकर आणि दाबावर चालणारा फवारणीचा पंप यांच्या दुरुस्तीसाठी तर चुकूनही वापरू नये. तेथे माती सुटली तर नुसती वस्तू जात नाही, माणूस जातो.

उरलेली माती

मळलेली माती ठेवून उपयोग नाही, ती जमणारच. म्हणून काम सुरू करण्याआधीच दोन-तीन किरकोळ कामे शोधून ठेवावीत. पेटीच्या कडीची हललेली मूठ, विळीच्या पाटाची भेग, देव्हाऱ्याच्या कोपऱ्याचा टवका, किल्लीला ओळखीची खूण. उरलेल्या गोळीचे मणी करून काडीने भोक पाडावे. दिवाळीच्या तोरणाला ते उपयोगी पडतात.

न मळलेल्या वड्या मात्र निरनिराळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून थंड, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाताला न येतील अशा ठेवाव्यात. अन्नाच्या फ्रिजमध्ये ठेवू नये. पुढच्या वेळी वडीवर कडक कवच आले असेल तर तेवढे कापून टाकावे, आतला मऊ भाग चालतो. जमलेला निरुपयोगी तुकडा केरात टाकला तरी चालेल, पण चुलीत टाकू नका. त्याचा धूर वाईट असतो.

तर वर्ध्याच्या ताई, हिशोब असा. आठ दिवस लाकूड वाळायला, दोन दिवस जागा तयार करायला, एक रात्र तारेला, एक दिवस पहिल्या थराला, दोन दिवस दुसऱ्या थराला आणि कानाला, मग घासणे आणि दोन हात रंग. तीन आठवड्यांत सावकाश होते. पोळ्याला महिना आहे. आजच सुरुवात केली तर धावपळ होणार नाही. आधी एखाद्या मोडक्या लाकडावर तार रोवून एक लहान शिंग करून पाहा. हात बसला की नंदीकडे वळा.

घासून झाल्यावर, माती पूर्ण जमली आहे याची खात्री करून, रंगाचा शेवटचा हात मुलाला द्यायला द्या. जमलेल्या मातीचे भय नसते. माझी जाऊ आता तेच करते. मळायचे आणि घडवायचे काम मी मोजे घालून करते, त्या वेळी ती अंगणाच्या पलीकडे बसते. चार दिवसांनी माठ तिच्याकडे जातो आणि रंगाचे काम ती करते. माल अजूनही तिच्याच रंगांमुळे खपतो.

मुलगा विचारेल की हे शिंग आबाजींचे नाही ना? खरे तेच सांगा. एक आबाजींचे, एक आईचे. पुढे त्याच्या मुलाच्या हातून चाक निखळले तर ते तो बसवील. घरातल्या वस्तू अशाच चालतात. पोळा झाला की नंदी कसा मिरवला ते जरूर कळवा.

पुढील अंकी, शोभेच्या माठावर ज्वारीच्या कणसांचा वेल कसा काढावा आणि दाणे एकसारखे कसे पाडावेत, ते पाहू. ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी तोवर हातमोजे आणून ठेवावेत. माती नंतर आणली तरी चालेल.